थोरलीचा मान

मोबाइलच्या खेळातल्या गावात धाकट्या जावेनं बंगला घेतला म्हटल्यावर माझ्या पोटात दुखायला लागलं. हातातल्या खऱ्या पाटल्या मोडून मी तिच्या शेजारीच, तिच्यापेक्षा एक मजला उंच बंगला घेतला. त्यात झोपता येत नव्हतं, पण गच्चीतून तिचं अंगण दिसायचं. तेवढ्यावर मी खूश. नियम एवढाच, की जो नवा माणूस आणेल त्याला त्या नव्या माणसाच्या पैशातला वाटा. मला जावेनंच आणलं होतं, म्हणजे बंगला उंच असूनही मी तिच्या हाताखाली. हे घरात कुणी बोललेलं मला चालत नसे.

एका सकाळी बंगल्यासकट अख्खं गावच नाहीसं झालं. पाटल्यांचे पैसे तरी परत मिळतील म्हणून आम्ही दोघी जावा पोलीस चौकीत गेलो. सोबत माझी सून.

हवालदारानं विचारलं, "कुणी कुणाला आणलं?"

जाऊ तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "मी हिला आणलं. थोरली मी आहे, ही कसली मला आणतेय?"

"अहो आई, पण..." सुनेनं मला कोपरानं ढोसलं.

"तू गप्प बस."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "मावशी, दुसऱ्यांना आणणाऱ्यांवरच गुन्हा दाखल होतोय. नीट आठवून सांगा."

मी जावेकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या एकाही शब्दाला हो न म्हटलेली ती बाई पदर सावरत म्हणाली, "बरोबर सांगतायत साहेब. आमच्या घरात ताईंच्या पुढे कोण जाणार?"