स्पर्धेचे केस

आयरिश डान्सच्या स्पर्धेत सगळ्या मुलींचे केस दाट, लांबसडक असतात, असं सात वर्षांच्या श्रावणीने सांगितलं आणि तिच्या बाबाने, अनीशने, कंबर कसली. डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या वाऱ्याने पोरीच्या केसांचा पार काथ्या केला होता. दर रविवारी गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली रेडिएटरवर चढायची. मग अनीश टोकांपासून एकेक बट सोडवत वर सरकायचा आणि श्रावणी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी किंचाळायची. दोन वर्षांत केस पाठभर झाले.

पहिल्या स्पर्धेच्या सकाळी तिच्या डान्स टीचरने एक खोका आणून दिला. आत विग.

"बाबा, एव्हरीवन वेअर्स वन," श्रावणी म्हणाली.

अनीशचा चेहराच पडला. दोन वर्षांची मेहनत टोपाखाली झाकायची? आणि तो टोप तरी धड असावा! हात घालून बघतो तर स्प्रिंगसारख्या कुरळ्या बटांचा सगळा गुंताच गुंता.

"यांच्या घरात कुणाकडे फणी नाही वाटतं," तो चडफडला. श्रावणी आंघोळीला गेली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

ती बाहेर आली तेव्हा बाबा घामाघूम, पण खूश. टेबलावर विगच्या दोन घट्ट वेण्या, तेलाने चोपून बसवलेल्या, वर लाल रिबिनी.

"बघ, एक गाठ शिल्लक ठेवली नाही!"

श्रावणीला रडू फुटलं. "बाबा, दॅट वॉज द हेअरस्टाइल!"