मिसेस के. पास्को

गोल्फ क्लबातल्या विजेत्यांच्या मानाच्या फलकावर सोनेरी अक्षरांत सात वेळा एकच नाव होतं: मिसेस के. पास्को. के म्हणजे कीथ, मर्लचा घटस्फोट झालेला नवरा. मर्ल आता व्यावसायिक गोल्फर होती, पर्थपासून सिडनीपर्यंत जिंकून आली होती.

“तिथं माझं नाव लिहा,” ती सेक्रेटरीवर कडाडली. “त्या ठोंब्याला काठी कुठून धरतात तेही ठाऊक नाही.”

“अगं, तेव्हा तू त्याची बायको होतीस. लग्न झालेल्या बाईचं नाव आपल्याकडे असंच लिहितात.”

तेवढ्यात कीथ आला आणि सोबतच्या बाईची नव्या सभासदाशी ओळख करून देत म्हणाला, “ही मिसेस पास्को.”

सभासदानं फलकाकडे पाहिलं. “सात वेळा? कमाल आहे तुमची.”

ती लाजून म्हणाली, “छे हो, नशीब म्हणायचं.”