चोरासाठी टिकली
घरच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून चोर डोकावतात म्हणे! "आई, त्याच्यावर काहीतरी चिकटव," शरतनं जर्मनीहून बजावलं होतं. हेब्बाळच्या कंपनीनं त्याला तिकडं धाडल्यापासून गिरिजाबाई एकट्याच होत्या. चोराला आपल्या घरात बघायचंय तरी काय, याचं त्यांना भारी कुतूहल. आपण अवरेच्या शेंगा सोलताना? चिकटपट्टी शोधता शोधता खणात टिकल्यांचं पाकीट सापडलं, नवरा गेल्यापासून तसंच पडलेलं. त्यातली एक त्यांनी कॅमेऱ्यावर दाबून बसवली. संध्याकाळी शरतचा व्हिडिओ कॉल आला. "आई, दिसत नाहीस गं!" "अय्यो, स्वल्प थांब!" त्यांनी टिकली सोडवली आणि हरवू नये म्हणून सहज कपाळावर टेकवली. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा जुना चेहरा दिसला. टिकली काढायला हात चटकन वर गेला. "राहू दे, आई," शरत म्हणाला. "अरे, मग कॅमेऱ्याला काय लावू?" "त्याला दुसरी लाव."