दोन काटे

एक काटा सांगत होता, टाकीत पाणी पुरेसं आहे. शेजारचा सांगत होता, पाणी उतरतंय. तिसरं मीटर सकाळीच दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळे खरं कोण बोलतंय हे ठरवायला कुणी नव्हतं.

अणुभट्टी बंद करायचं बटण रेहनुमाच्या हाताशी होतं. भट्टीची उष्णता ते पाणी ओढून घ्यायचं. ते खरंच उतरत असेल तर भट्टी कशानं निवणार?

"हात मागे घे," शिफ्टप्रमुख मोसद्देकभाई म्हणाले. "माणूस खाली पाठवलाय. तो बघून सांगेल."

"तोवर पाणी संपलं तर?"

"आणि नसलं संपलं तर? बाहेरचं ऊन बघितलंस?"

बरिशालच्या दक्षिणेला वैशाख नुसता भाजून काढत होता. घराघरांतले पंखे फिरत होते ते या भट्टीच्या जिवावर.

ढाक्याहून फोन आला. वीज कुठं किती सोडायची ते ठरवणारा माणूस काकुळतीला आला होता. "भाई, संध्याकाळपर्यंत कसंही करून रेटा. आत्ता तुम्ही बंद पडलात तर माझे सहा जिल्हे गेलेच म्हणून समजा. इस्पितळं आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. अहो, तुमच्याही घरी माणसं असतीलच की!"

रेहनुमाच्या घरी अब्बा होते. लाँच चालवणारे जुने सारंग, इंजिनाच्या धुरानं छाती खाल्लेली. नाकात नळी आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की त्याची बॅटरी जेमतेम अर्धा तास तग धरायची.

दुसरा काटा आणखी खाली सरकला. मोसद्देकभाईंनीही ते पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"रेहनुमा, तुझ्या अब्बांचं ते मशीन..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

यंत्रांची घरघर उतरत गेली. फोनवरचा माणूस "अरे, काय केलंत हे!" असं ओरडला आणि ओरडतच राहिला.

थोड्या वेळानं खाली गेलेला माणूस धापा टाकत वर आला. "पाणी आहे की टाकीत! काटाच बिघडलाय."

मोसद्देकभाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. "भट्टी पुन्हा चालू व्हायला उद्या उजाडेल. आता ढाक्याला तूच सांग."

तिनं सांगितलं. मग घरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. शिफ्ट संपेपर्यंत तिला जागेवरून उठता येत नव्हतं.

संध्याकाळी नदी ओलांडताना नाव खच्चून भरली होती. "म्हणे एक बाई घाबरली आणि बटण दाबून मोकळी झाली!" कुणीतरी म्हणालं. "अशांना घरी चूल दिली पाहिजे." लोक हसले. रेहनुमानं गळ्यातलं ओळखपत्र ओढणीखाली सारलं.

गल्लीत अंधार होता. घराच्या दारातच शेजारच्या कोहिनूरखाला भेटल्या.

"आलीस बाई! तुमच्या त्या वीजकेंद्रानं आज म्हाताऱ्याला मारलंच होतं. ओठ काळेनिळे पडले होते. आमचे हे रिक्षात घालून दवाखान्यातून सिलिंडर घेऊन आले म्हणून निभावलं."

आत कंदिलाच्या उजेडात अब्बा उशांना टेकून बसले होते. नाकातली नळी आता एका गंजक्या सिलिंडरला जोडलेली होती. रेहनुमा जवळ बसली आणि पंख्यानं त्यांना वारा घालू लागली. थोड्या वेळानं खाला घरी गेल्या.

"कुणी बंद केलं?" अब्बांनी विचारलं.

"मी."

"का?"

"पाणी उतरल्यासारखं दिसलं. पण काटाच खोटा निघाला, अब्बा. काहीच झालं नव्हतं."

"तेव्हा कळत होतं का तुला, खोटा आहे ते?"

"नाही."

"आणि उद्या परत तसंच दिसलं तर?"

तिच्या हातातला पंखा थांबला.

"परत बंद करीन."

अब्बांनी डोळे मिटले.

"मग ते सिलिंडर परत देऊ नकोस," ते म्हणाले.