लोणी

दहा महिन्यांच्या नातीचं वजन वाढेना आणि तिचा कान सारखा वाहायचा. तिचे वडील तिच्या जन्माआधीच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले होते. घरात सासू-सुना दोघीच. सून कामावर गेली की आजी बाळाला भरवायची.

"हिला खायला काय देता?" रक्ताचा रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं.

"भाज्या उकडून, कुस्करून. तेलाचा थेंबसुद्धा घालत नाही," आजी म्हणाली.

"तिथंच चुकतंय. लोह कमी, झिंक कमी, तेल-तूप तर पोटात जातच नाही. मग आजारपण हटत नाही, कानाची सूज उतरत नाही आणि वाढ खुंटते. लोणी द्या, अंड्याचा बलक द्या."

घरी येऊन दार लावल्यावर सुनेनं विचारलं, "आई, मी लोणी आणून ठेवत होते. तुम्ही का नाही घातलंत?"

आजी खाली बघत म्हणाली, "माझ्या लेकाला मीच भरवायचे गं लोणी, रोज. तेच त्याला भोवलं असलं तर?"

सुनेचा राग जागच्या जागी विरला. तिनं बटाटा कुस्करला, त्यात लोणी कालवलं आणि वाटी सासूच्या हातात दिली.

"भरवा आई. त्यांना भरवायचात तसंच."