बुधवारच्या चुका

“उजेडात बसलेल्याला हाक मारत राहा,” ड्रायव्हरने खणखणीत आवाजात वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दारात काकूंच्या हातातला ट्रे खडखडला. उजेडात नव्हे, अंधारात. अंधारात सापडलेल्याला हाक मारत राहा. ग्रंथातली ही ओळ या खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ असेल.

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. काका छताकडे बघत पडले होते. डावा हात पलंगाच्या लाकडी कडेवर, सकाळी ठेवला होता तसाच.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. सात महिन्यांपूर्वी दुकानात, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच ते खाली कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. “ऐकू येत असणार,” डॉक्टर म्हणाले, “पण कळतंय की नाही, ते त्यांनीच सांगायला हवं.” आणि नेमकं तेच होत नव्हतं.

तीस वर्षं दर बुधवारी संध्याकाळी याच खोलीत ग्रंथाचं वाचन चाले. जो तो आपल्या पाळीने वाची. काका स्वतः वाचत नसत, ते ऐकत. कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला, की टेबलावर बोटाचे दोन ठोके पडत. टक टक. मग ओळ पहिल्यापासून. ड्रायव्हरने एकदा एकच ओळ अकरा वेळा वाचली होती आणि तोवर त्याच्या चहावर साय धरली होती. ही टकटक काकूंच्याही वाट्याला येई. चहात साखर कमी, टक टक. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं, टक टक. “डोकं उठतं हो माझं,” त्या करवादायच्या. आता दुपारी घर सामसूम झालं की त्या कान देऊन बसत. नळ गळला तरी त्या पलंगाकडे धावत.

काका कोसळल्यावर माणसं दुरावली नाहीत, हे काकू कुणालाही सांगतील. निवृत्त नर्सबाईंनी काकांना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवलं. शिंपीणबाईंनी बाजूने उघडतील असे सदरे शिवले. ड्रायव्हर बसची ड्युटी संपवून येई आणि काकांची दाढी करून जाई. बुधवार तर एकही चुकला नाही. पण वाचन! आज कुणी ओळ गाळतंय, उद्या कुणी शेवटचा परिच्छेद आधी वाचतंय. दिवसेंदिवस ताळतंत्र सुटत चाललं होतं.

काकूंनी ट्रे आपटला.

“बास! तीस वर्षं ऐकलंत ना? मग एक ओळ धड वाचता येऊ नये? टोकणारा गप्प झाला म्हणून रान मोकळं मिळालं होय तुम्हाला?”

ड्रायव्हरने मान खाली घातली. शिंपीणबाई नुसत्याच पदराशी चाळा करू लागल्या.

“काकू, अहो, ऐका तर...” नर्सबाई म्हणाल्या.

“काही ऐकायचं नाही. त्यांच्या समोर बसून त्यांची थट्टा नको. पुढच्या बुधवारी येऊ नका.”

सगळे उठले. नर्सबाईंनी कप गोळा करून आत नेऊन ठेवले. दार हळूच लागलं.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. काकूंना रडू आलं, रागाचं आणि पश्चात्तापाचं. त्या पलंगाशी बसल्या, टेबलावर राहिलेला ग्रंथ मांडीवर घेतला आणि ती ओळ नीट वाचली, शब्दन् शब्द, जणू सगळ्यांच्या वतीने माफी मागत होत्या. “अंधारात सापडलेल्याला हाक मारत राहा. तो ओळखेल अशी हाक मारा.”

काका छताकडेच बघत होते.

पान उलटताना घडी घातलेला एक कागद खाली पडला. अक्षर नर्सबाईंचं. औषधाच्या वेळा असतील म्हणून काकूंनी तो उघडला. एकाखाली एक सगळे बुधवार होते.

“शिंपीणबाई. दुसरी ओळ गाळणे. उत्तर नाही.”

“मी स्वतः. शेवटचा परिच्छेद आधी. उत्तर नाही.”

“ड्रायव्हर. तीच ओळ दोनदा. पापणी हलली? खात्री नाही.”

असे अठ्ठावीस बुधवार. शेवटची नोंद आजची होती. “ड्रायव्हर. अंधारातच्या जागी उजेडात. खणखणीत वाचायचं. हसायचं नाही.” त्याच्यापुढची जागा कोरी होती.

आणि तळाशी लिहिलं होतं, “तो ओळखेल अशी हाक मारा, असं ग्रंथ सांगतो. काका आपल्याला चुकांवरूनच ओळखतात. काकूंना सांगू नये. त्यांना उगाच आस लागेल.”

आस लागेल म्हणे! दुसरं काय लागलं होतं त्यांना सात महिने? मग त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि ग्रंथ पुन्हा उघडला. खोटं वाचायला जीभ वळेना.

“उजेडात... उजेडात बसलेल्याला हाक मारत राहा.”

काही नाही.

त्या आणखी जवळ सरकल्या. चहा पुढे करताना जो आवाज असायचा, तोच काढला. “ऐकलंत का? उजेडात बसलेल्याला हाक मारत राहा.”

लाकडावर एक बोट हललं. टक.

काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे.

टक.

टकटक झाली की ओळ पहिल्यापासून वाचायची, हा तीस वर्षांचा नियम होता. काकूंनी ओळ पहिल्यापासून वाचली आणि पुन्हा चुकवली.