सरदारबीची वही

“दोन्ही पुस्तकं डोंगराचीच,” निजामाच्या पोलिसांतला जमादार म्हणाला. “मास्तरीणबाईंना डोंगरात काय काम?”

महानंदाने मान वर केली नाही. “चौथीच्या मुलींना जिल्ह्याचा भूगोल शिकवायचाय.”

उस्मानाबादच्या बाजारात बाबामियाँच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर ती उभी होती. अठ्ठेचाळीस सालचा एप्रिल होता. रझाकारांनी सासरचं गाव जाळल्यापासून तिची धाकटी बहीण कडूबाई तिच्या घरात लपून होती. तिला आठवा महिना होता. कडूबाईचा नवरा बब्रुवान सरहद्दीपलीकडे, बार्शीच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होता आणि पोलीस त्याच्या बायकोला शोधत होते. सडकेवर जागोजाग नाके बसले होते. बालाघाटाच्या डोंगरातून, माळावरून जाणं तेवढं उरलं होतं. पण वाट दाखवील असा माणूस मिळत नव्हता. कुणी तुरुंगात होतं, कुणी केव्हाच पलीकडे गेलं होतं. म्हणून ती पुस्तक शोधत आली होती.

एक पुस्तक जाड, लाल कापडी बांधणीचं, छापील होतं. शिकारीला जाणाऱ्या साहेबलोकांसाठी काढलेलं. त्यात रंगीत नकाशा होता. दुसरी नुसती वही. अक्षरं उर्दू, पण भाषा मराठी. महानंदाने दोन्हींत एकच गाव काढलं. चिंचखोरी, तिचं माहेर.

छापील पुस्तकात होतं, ‘गोड्या पाण्याची बारमाही विहीर.’ ती विहीर महानंदा दहा वर्षांची असताना ढासळली होती.

वहीत होतं, ‘विहीर बुजलीय. देवळामागं खडकात झरा, चैत्रातही घागर भरते. वीरप्पाच्या ओसरीत बसू देतात. पुढचा चढ पोटुशीला नको, डावीकडून ओढ्याकाठानं न्यावं.’

महानंदाने ते पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं आणि वहीवर हात ठेवला.

जमादाराने वही तिच्या हाताखालून ओढून घेतली. दोन पानं उलटली. “पाण्याच्या जागा, घरांची नावं. कुणी लिहिलं हे?”

बाबामियाँचा चेहरा उतरला. “म्याच लिवलं, साहेब. सांगितलं आमच्या घरातनं. सुईण हाय ती. तीस वर्षं या डोंगरात बाळंतपणं केलीत तिनं.”

“उद्या ठाण्यात या, मियाँ.” जमादाराने वही काखेत मारली. “बाईंना हे छापील द्या. नकाशा झकास आहे.”

महानंदा ते पुस्तक घेऊन निघेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारी होती. विटकं लुगडं, हातात काठी, काखेत बोचकं.

“म्या सरदारबी. बाबामियाँच्या घरची,” ती म्हणाली. “हे सांगत होते, बाई चढाचं पान तीनदा वाचत होती. कितवा महिना हाय?”

महानंदा दचकली. मग हळूच म्हणाली, “आठवा.”

“वही गेली तर जाऊ दे. मला कुठं वाचता येतं? उद्या दिवस उगवताना निघू. गावाबाहेरच्या नाक्यावर सुईणीला कुणी अडवत न्हाय, पुढं डोंगरच हाय.”

“आणि बाबामियाँ? ठाण्यात बोलावलंय त्यांना.”

“त्यांचं ते बघतील.”

आतल्या खोलीत कडूबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. “म्या न्हाय जायची हिच्या मागं! हिच्याच लोकांनी माझं घर पेटवलं.”

सरदारबीने खाली वाकून कडूबाईच्या सुजल्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो लवकर भरेना. “मला काय शिव्या द्यायच्या त्या दे,” ती म्हणाली, “पण पाय खाली सोडून बसू नगंस.”

दुसरा इलाज नव्हता, म्हणून त्या तिघी निघाल्या. पहिल्या दिवशी कडूबाई दहा पावलं मागून चालली. सरदारबीच्या हातचं पाणी तिने घेतलं नाही. झऱ्यापाशी सरदारबी आधी पाणी पिई आणि लांब जाऊन बसे. मग कडूबाई ओंजळ भरी.

दुसऱ्या दिवशी भर माळावर कडूबाईच्या पोटात कळ आली. ती जागीच बसली. नजर जाईल तिथवर झाड नव्हतं. सरदारबीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

“अजून वेळ हाय,” सरदारबी शेवटी म्हणाली. “उगं दमलंय लेकरू.”

मग ती उठली, पदर दोन्ही हातांनी पसरला आणि उन्हाच्या बाजूला उभी राहिली. कडूबाईवर सावली पडली. ऊन सरकलं तशी तीही सरकली. हात भरून आले, पण तिने ते खाली घेतले नाहीत. ऊन कलल्यावर तिघी पुन्हा चालू लागल्या. आता कडूबाई मागं राहत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीतून दोन तरुण बंदुका घेऊन पुढं आले. महानंदाने बब्रुवानचं नाव सांगितलं. ते ऐकून त्यांचे चेहरे निवळले. तेवढ्यात एकाचं लक्ष म्हातारीकडे गेलं. त्याने बंदूक तिच्यावर रोखली.

“तुम्ही दोघी पुढं या. म्हातारे, तू थांब तिथंच. निजामाची माणसं अशीच बायकांमागून येतात. नाव काय तुझं?”

सरदारबीने तोंड उघडलं. जमादारापुढं महानंदा सहज खोटं बोलली होती, आता तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

कडूबाई जड पावलांनी वळली आणि बंदुकीच्या नळीसमोर येऊन उभी राहिली.

“तिला काय इचारता?” ती म्हणाली. “माझी आय हाय ती.”